फोनला हृदय ऐकू येत नाही

खेड तालुक्यातल्या राजगुरुनगरच्या दक्षिणेला चाकणचे कारखाने आणि पश्चिमेला वाडा गावावरून भीमाशंकरकडे चढत जाणारा आदिवासी पट्टा. फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या कंपनीत पैसे घालणाऱ्याची नजर आधी चाकणवर जाते. हातात स्मार्टफोन आहे, दरमहा पगार आहे आणि दवाखान्यासाठी खाडा परवडत नाही, असा तरुण कामगार तिथे आहे. अंगावरचं पुरळ किंवा जुन्या औषधाचा पुढचा डोस विचारायला फोन पुरतो. तेवढ्यापुरतं गुंतवणूकदाराचं गणित बरोबर आहे.

पश्चिमेकडे, जिथे रुग्णाला दुरूनच तपासायचं असतं, ते चुकतं, कारण साधा टेलिफोन बोलण्यासाठी घडवलेला आहे. तो साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचे आवाज पोचवतो. हृदयाची ‘लब-डब’ मुख्यतः २०० हर्ट्झच्या खाली असते. फोन छातीला लावला, तरी पलीकडच्या डॉक्टरला नेमकं हवं ते ऐकूच जात नाही. त्यासाठी डिजिटल स्टेथोस्कोप लागतो. तो हे ठोके आकड्यांत बदलून इंटरनेटवरून पाठवतो. पण तो छातीवर योग्य जागी टेकवायला शिकलेला हात हवा. पोट दाबून बघायलाही हातच लागतो.

२०१९मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘ई-संजीवनी’त हा हात गृहीत धरलेला आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसतो आणि डॉक्टर पडद्यावर येतो. गुंतवणूकदाराच्या वहीत हाच माणूस ‘खर्च’ म्हणून लिहिला जातो. माझ्या मते खरी सेवा त्याच्यामुळेच होते.

हा खर्च किती टिकेल हे जोखताना, फोनवरून सल्ला देणाऱ्या ‘बॅबिलॉन’ या ब्रिटिश कंपनीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. २०१६मध्ये ती रवांडात गेली. साध्या फोनवरही चालणाऱ्या तिच्या सेवेत वीस लाखांहून अधिक लोकांनी नावं नोंदवली. २०२१मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरताना तिचं मूल्य चार अब्ज डॉलरांहून अधिक धरलं गेलं. २०२३मध्ये कंपनी कोसळली आणि रवांडातली सेवाही बंद पडली. रुग्ण कमी पडले नव्हते, पैसा आटला होता.

म्हणून अशी कंपनी खेड तालुक्यात आली, तर ग्रामपंचायतींनी पहिला प्रश्न विचारावा: वाड्याच्या पुढच्या वस्तीत रुग्णाशेजारी कोण बसणार आणि त्याचा पगार किती वर्षं मिळणार? औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, हे तुम्ही स्वतः बघा. आणि छातीत दुखत असेल, तर ॲप उघडू नका, १०८ला फोन लावा.