खोली कुठली घेताय?

पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर मी बसते. लोक फाइल पुढे सरकवतात आणि म्हणतात, ‘मॅडम, कॅशलेस आहे.’ म्हणजे पैशांचा विषय मिटला! मी उलट विचारते, ‘खोली कुठली घेताय?’ त्यांना वाटतं, ही भलतंच काय विचारतेय.

गुडघा बदलायचं ऑपरेशन घ्या. सर्जनची फी सगळे विचारतात, खोलीचं भाडं कुणी मनावर घेत नाही. ‘आईला जरा मोकळं वाटू दे’ म्हणून मुलं सिंगल रूम घेतात. समजा, पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. घेतलेली खोली ६,०००ची. घरच्यांचा हिशेब सरळ असतो: वरचे तीन हजार आपण भरू, चार दिवसांचे बारा हजार. पण सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी यांचे दरही खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात. म्हणून विमा कंपनी त्या रकमाही त्याच प्रमाणात कापते. इथे निम्म्या. ते बिल लाखभर असेल, तर पन्नास हजार तुमचे. बारा अधिक पन्नास, बासष्ट हजार. इम्प्लांट, औषधं, तपासण्या यांना मात्र ही कात्री लावता येत नाही. आणि ज्या हॉस्पिटलात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथे ती मुळीच लागत नाही. हे विचारायला एक फोन पुरतो. कुणी करत नाही.

हातमोजे, मास्क यांसारख्या वस्तू बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत, त्यावर भांडण्यात अर्थ नसतो. जुन्या आजाराची गोष्ट वेगळी. २०२४च्या नियमांनुसार त्यासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतो. पण फॉर्म भरताना मधुमेह लपवला असेल, तर तो नेमका क्लेमच्या वेळी बाहेर येतो.

विमा नसलेले थेट कॅश काउंटरला जातात, याचं मला वाईट वाटतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४पासून राज्यातल्या पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. अट एवढीच, की हॉस्पिटल योजनेत हवं, ऑपरेशन यादीत हवं आणि मंजुरी आधी घ्यायला हवी. तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. ऑपरेशन उरकून, बिल हातात घेऊन गेलात तर तोही काय करणार? ट्रस्टच्या हॉस्पिटलांत मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड जवळ ठेवा, आणि ‘धर्मादाय’ हा शब्द मोठ्यानं उच्चारा.

रोखीनं करायचं असेल तर पॅकेज लिहून मागा: त्यात इम्प्लांट आहे का, फिजिओथेरपी आहे का, एखादा दिवस वाढला तर काय. स्टेंट आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर २०१७पासून सरकारची मर्यादा आहे, तेव्हा इम्प्लांटचं स्टिकर आणि बिल दोन्ही मागून घ्या.

डिस्चार्जच्या दिवशी माझ्या डेस्कभोवती घोळका असतो. अंतिम मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यायची, असा २०२४पासून नियम आहे. त्यापुढच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. म्हणून आमच्याकडून अंतिम बिल किती वाजता गेलं, ते विचारून कागदावर टिपून ठेवा.