दोर, फांदी आणि दोन कडी

१२ डिसेंबर २०१६ रोजी 'वर्दा' हे चक्रीवादळ चेन्नईजवळ किनाऱ्यावर आदळले आणि शहरातील हजारो वृक्ष उन्मळून पडले. जमिनीवर आडव्या झालेल्या वृक्षाची विल्हेवाट लावणे त्यामानाने सोपे. खरा प्रश्न उभ्या राहिलेल्या वृक्षांचा असतो. अर्धवट मोडून रस्त्यावर लोंबणारी फांदी उतरवायची तर कोणाला तरी वर चढावे लागते; शिवाय वृक्ष वाचवायचा असेल, तर चढणाऱ्याने त्याला नवी जखम करून चालत नाही. ही जखम केवळ कोयत्याने किंवा करवतीने होते असे नाही. ती दोरानेही होते.

वृक्षावर दोराने चढण्याची एक रूढ पद्धत अशी आहे : उंचावरील भक्कम बेचक्यातून दोर टाकायचा, त्याचे एक टोक कमरपट्ट्याला बांधायचे आणि दुसरी बाजू ओढत वर जायचे. काम संपेपर्यंत दोर बेचक्यातून असंख्य वेळा मागेपुढे सरकतो. सालीच्या आत परिकाष्ठ आणि त्याच्याही आत ऊतककर नावाचा अत्यंत पातळ जिवंत थर असतो. खोडाची जाडी वाढते ती या थरामुळे. सालीखालील हे थर घासून नष्ट झाले, की त्या जागी फांदीचे पोषण खुंटते आणि बुरशीला वाट मिळते. वड, गुलमोहर यांसारख्या पातळ सालीच्या वृक्षांना हा धोका विशेष.

येथे वाचकाच्या मनात एक शंका येईल. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष; त्यावर पिढ्यान् पिढ्या माणसे पायांत फास अडकवून चढत आली आहेत. कोकणात तर माडाच्या खोडाला पायऱ्यांसारख्या खाचा पाडतात. मग या वृक्षांचे काय? ताड-माडांच्या खोडात ऊतककराचे वलयच नसते. अन्नरस वाहून नेणारे पुंजके खोडभर विखुरलेले असतात, म्हणून वरवरच्या घासण्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. मात्र त्याच कारणामुळे माडाला एकदा पाडलेली खाच जन्मभर भरून येत नाही. ताडावर चालणारी रीत पर्जन्यवृक्षाला किंवा कडुनिंबाला लावणे म्हणूनच चुकीचे ठरते.

दोराचे आणि चढणाऱ्याचेही नुकसान होते, ते किती हे गणिताने दाखवता येते. वक्र पृष्ठावरून वळलेल्या दोराच्या दोन बाजूंवरील ताणांचे गुणोत्तर केवळ घर्षणांकावर आणि वळणाच्या कोनावर अवलंबून असते. फांदीच्या जाडीवर नव्हे. अठराव्या शतकातील गणितज्ञ ऑयलर याच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते. खरखरीत सालीचा घर्षणांक ०.४ धरला, तर अर्ध्या वेढ्यासाठी हे गुणोत्तर सुमारे साडेतीन येते. घर्षण मुळीच नसते तर ७० किलो वजनाच्या माणसाला स्वतःला वर खेचण्यासाठी ३५ किलोचा जोर पुरला असता. येथे त्याला सुमारे ५४ किलोचा जोर लावावा लागतो. गुळगुळीत धातूवर घर्षणांक ०.२ मानला, तर हाच आकडा सुमारे ४६ वर येतो. चेन्नईच्या दमट उन्हात दिवसभर काम करणाऱ्याच्या खांद्यांना हा फरक नक्कीच जाणवेल.

ही बचत साधणारे साधन अगदी साधे आहे. हातभर किंवा त्याहून लांब असा मजबूत विणीचा एक पट्टा, त्याच्या एका टोकाला मोठे कडे आणि दुसऱ्या टोकाला लहान कडे. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव 'फ्रिक्शन सेव्हर'. आपण त्याला रक्षकपट्टा म्हणू. पट्टा फांदीवर टाकला, की दोन्ही कडी खाली लोंबतात. चढण्याचा दोर या दोन कड्यांतून ओवला जातो. सरकतो तो दोर, आणि तोही कड्यांवर. सालीवरचा पट्टा जवळजवळ स्थिर राहतो.

पट्टा बसवण्यापूर्वी जागा निवडावी लागते. वजनाची छोटी पिशवी बांधलेली बारीक दोरी खालून फेकून बेचक्यातून पार करतात आणि तिच्या साहाय्याने दोर वर नेतात. दोघांनी मिळून दोराला लोंबकळून बेचक्याची परीक्षा घ्यावी. वादळानंतर फांदीला वरून न दिसणारी चीर असू शकते. मग चढणारा वर जातो, दुसऱ्या आखूड दोराने स्वतःला खोडाशी बांधून घेतो आणि त्यानंतरच पट्टा बसवतो. सरावलेले लोक बारीक दोरीच्या मदतीने तो जमिनीवरूनही बसवतात.

परंतु या साधनाची खरी युक्ती ते बसवण्यात नसून, माणूस खाली आल्यावर ते परत मिळवण्यात आहे. दोन कडी लहानमोठी असण्याचे कारण हेच. दोरावरील सर्व गाठी प्रथम सोडाव्या लागतात, कारण विसरलेली एक गाठही कड्यात अडकते. नंतर मोठ्या कड्याच्या बाजूस असलेल्या दोराच्या टोकाला एक गोळी पक्की बांधतात. ही गोळी मोठ्या कड्यातून जाईल, पण लहान कड्यातून जाणार नाही, अशा मापाची असते. आता लहान कड्याच्या बाजूचा दोर ओढला, की गोळी वर चढते, मोठ्या कड्यातून निसटते आणि लहान कड्यापाशी अडते. ओढणे चालूच ठेवले, की लहान कडे खाली येऊ लागते, त्याच्यामागून पट्टा फांदीवरून घसरतो आणि शेवटी मोठे कडे फांदी ओलांडून सुटते.

गोळी चुकून लहान कड्याच्या बाजूस बांधली तर? ती बाहेरूनच लहान कड्याला अडते, ते कडे मोठ्या कड्याकडे खेचले जाते आणि पट्टा फांदीभोवती आवळतो. जितके ओढावे तितका तो घट्ट बसतो. दोर उलट फिरवता आला तर ठीक. नाही तर दिवसभराच्या श्रमाने थकलेल्या माणसाला, तेही दिवेलागणीच्या वेळी, पुन्हा वर चढावे लागते. अपघाताला याहून अनुकूल वेळ कोणती? म्हणून ओढण्यापूर्वी मोठे कडे कोणत्या बाजूस आहे ते मोठ्याने बोलून एकमेकांना सांगण्याची सवय चांगली.

आणखी एक दक्षता. १५ मीटर उंचीवरून सुटलेले धातूचे कडे जमिनीपर्यंत येताना ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेग घेऊ शकते. डोक्यावर शिरस्त्राण असले तरी ओढणाऱ्याने बाजूला उभे राहावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे गोळीच्या मागे ती बारीक दोरी बांधून तिचे दुसरे टोक जमिनीवर सोबत्याच्या हाती देणे. पट्टा सुटला, की सोबती दोरी हळूहळू सोडतो आणि पट्टा अलगद खाली येतो.

खाली आलेल्या पट्ट्याची शिवण आणि कडी तपासून घेतात. कड्यावर ओरखडा उठला असेल तर तो दोराचे धागे कापतो. वडाचा चीक लागला असेल तर तो पुसून काढावा लागतो. काम दुसऱ्या दिवशीही चालणार असेल, तर बारीक दोरी बेचक्यातच राहू देतात आणि तिची दोन्ही टोके खोडाला बांधून ठेवतात. सकाळी पिशवी फेकण्याचा खटाटोप वाचतो.