आभाळ पडेल म्हणणारा माणूस वेडा होता का?

पाठीवर पान पडतं आणि 'आभाळ पडलं, पळा पळा' म्हणत ससा धावत सुटतो. ही गोष्ट आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. चिनी भाषेत याच अर्थाचा वाक्प्रचार आहे: 'छी रेन योउ थ्येन', म्हणजे छी राज्यातल्या माणसाची आभाळाची चिंता. उगाच काळजी करणाऱ्याला तो आजही ऐकवतात. अशा, बहुतेक चार अक्षरी, वाक्प्रचारांना चिनीत 'छंग-यू' म्हणतात.

मूळ गोष्ट काय आहे?

ती 'लिएझी' या प्राचीन ताओवादी ग्रंथात आहे. त्या माणसाला दोन भीती होत्या: आभाळ कोसळेल आणि जमीनही ढासळेल. त्याची झोप उडाली, जेवण जाईना. एकाने समजूत काढली: आभाळ म्हणजे नुसती हवा, ती पडणार कशी? आणि जमीन तर भरीव, तिच्यावर तू रोज चालतोस. माणूस निर्धास्त झाला. पण पुढे दुसरा एक विचारवंत म्हणतो, ही काळजी फार लांबची खरी. पण हे कधीच ढासळणार नाही, असं म्हणणंही चूकच. वाक्प्रचारात मात्र आभाळ तेवढं उरलं, जमीन मागे पडली.

जमिनीची भीती खोटी असते का?

मोहोपाडा ज्या खालापूर तालुक्यात आहे, तिथे हा प्रश्न पुस्तकी नाही. याच तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री, मुसळधार पावसात दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. मराठीत मोठ्या संकटाला 'आभाळ कोसळणं' म्हणतात. इथे डोंगरच कोसळला होता.

मग काळजी कधी करायची?

आभाळ पडण्याआधी खूण देत नाही, डोंगर अनेकदा देतो. उतारावर नव्या भेगा पडणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, घराची दारं-खिडक्या अडकू लागणं, ही जमीन सरकत असल्याची लक्षणं असू शकतात. जोरदार पावसात ती दिसली तर लगेच सुरक्षित जागी जावं आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवावं.

अशा वेळी कोणी 'पळा' म्हणालं, तर त्याला ससा म्हणून हसू नये.