माध्यमाचा प्रश्न पहिलीच्या वर्गातला

सन 1998 मध्ये, तेव्हाच्या ओरिसातील मयूरभंज जिल्ह्यात, मी एका प्राथमिक शाळेची तपासणी करीत होतो. शिक्षकांनी एका संथाळ मुलीला ओडियातून वजाबाकीचे साधे उदाहरण घातले. ती गप्प राहिली. 'या मुलांचे गणितच कच्चे,' असे शिक्षक मला म्हणाले. दाराशी उभ्या असलेल्या स्वयंपाकीणबाईंनी तेच उदाहरण संथालीत सांगितले आणि मुलीने तत्काळ उत्तर दिले. अहवालात मी पटसंख्या, हजेरी, इमारतीची अवस्था सारे नोंदविले. हा प्रसंग नोंदविला नाही. त्यासाठी नमुन्यात रकानाच नव्हता.

आपल्याकडे माध्यमाचा वाद इंग्रजी विरुद्ध राज्यभाषा असाच मांडला जातो. त्या मुलीला दोन्ही भाषा परक्याच होत्या. 1854 च्या वुडच्या खलित्याने उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि सामान्यांचे शिक्षण देशी भाषांतून अशी उतरंड रचली. भाषावार प्रांतरचनेने राज्यभाषांना मान मिळवून दिला. त्यांच्या छायेतील भाषा मात्र तळाशीच राहिल्या. अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 350 क सांगतो. तरीही 2011 च्या जनगणनेनुसार एक कोटीहून अधिक लोकांची असलेली भिली आठव्या अनुसूचीबाहेरच आहे. संथालीला तेथे स्थान मिळाले, तेही 2003 मध्ये.

इंग्रजी माध्यम निवडणाऱ्या पालकांना दोष देणे सोपे आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज, वैद्यकीचे शिक्षण, वरच्या पगाराच्या नोकऱ्या कोणत्या भाषेत चालतात, हे त्यांना दिसते. मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात दिला. म्हणून सक्ती हा उपाय नव्हे. आरंभ घरच्या भाषेतून व्हावा आणि राज्यभाषा व इंग्रजी पुढे उत्तम रीतीने शिकविल्या जाव्यात. समजलेल्या भाषेच्या पायावर दुसरी भाषा उभी राहते. न समजलेल्या भाषेवर केवळ पाठांतर.

ओडिशाने 2007 च्या सुमारास आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला, हे स्वागतार्हच. पण पुस्तके छापणे सोपे, ती भाषा जाणणारे शिक्षक नेमणे अवघड. म्हणून शाळा-तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा, एवढीच माझी सूचना आहे: पहिलीच्या शिक्षकांना मुलांची भाषा येते काय? मी तो 1998 मध्येच मागायला हवा होता.