नावेतून फिरताना रात्रीच्या कालवणापुरते मासे धरायचेत? खिशात मावेल एवढेच साहित्य पुरे

पावसाळा सरला की हिमायतनगर तालुक्यात पैनगंगेचे पाणी निवळू लागते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. सुटीच्या दिवशी नदीच्या डोहात किंवा वरच्या अंगाला इसापूरच्या जलाशयात नावेतून फेरी मारायची, दोन-चार मासे धरायचे आणि संध्याकाळी काळ्या मसाल्याचे कालवण, सोबत ज्वारीची भाकरी, असा बेत अनेकजण आखतात. मग मोबाइलवर शोध सुरू होतो आणि लांबलचक रॉड, चकचकीत रील, रंगीत प्लॅस्टिकचे मासे असा पसारा घरी येतो. यातले बरेचसे नावेत उपयोगाचे नसते.

लांब रॉड अडचणीचा का?

काठावरून मासेमारी करताना गळ दूर फेकावा लागतो, म्हणून रॉड लांब लागतो. नावेत बसलेला माणूस मुळातच खोल पाण्यावर असतो. गळ सरळ खाली सोडला तरी काम होते. उलट छोट्या डोंग्यात उभे राहून रॉड फिरवला की तोल जातो, आणि शेजारी बसलेल्याच्या कानात गळ अडकण्याची भीती वेगळीच. म्हणून भोई मंडळी पिढ्यान् पिढ्या वापरतात ती हातदोरीच बरी. रॉड हवाच असेल तर एकात एक सरकणारा, दुमडून पिशवीत बसणारा घ्यावा.

हातदोरी कशी बांधायची?

लाकडाच्या तुकड्यावर किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर वीसेक मीटर तंगूस गुंडाळावा. जाडी ०.३० ते ०.४० मिलिमीटर असली की किलो-दीड किलोचा मासा सहज पेलतो. त्याहून जाड तंगूस पाण्यात उठून दिसतो आणि बुजरा मासा आमिषाजवळ फिरकत नाही. टोकाला गळ, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा छोटा मणी. बोया म्हणून बाटलीचे बूच किंवा मोरपिसाचा देठ चालतो.

गळ घेताना नंबरामुळे गोंधळ होतो. साध्या नंबरात आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे १० नंबरचा गळ ६ नंबरपेक्षा छोटा. पुढे शून्य असलेल्या आकड्यांत मात्र उलटे, २/० हा १/० पेक्षा मोठा. चिलापीसाठी ८ किंवा १० नंबर, रोहू-मृगळासाठी ६ नंबर, मरळीसाठी १/० घेतला की निभावते. गळ तुटतात, दगडात अडकतात, म्हणून प्रत्येकी चार-पाच जवळ असावेत. ते काडेपेटीत ठेवले तरी चालतात, फक्त टोके कागदात गुंडाळावीत.

आमिष विकत घेण्याची गरज नाही. शेणखताच्या उकिरड्याखाली गांडुळे मिळतात. रोहू, मृगळ कणकेच्या घट्ट गोळीला येतात. मरळ शिकारी, तिला लहान मासाच हवा. धरणातली चिलापी काहीही खाते आणि नवख्याच्या हाती पहिल्यांदा तीच लागते.

यासोबत गळ काढायला चिमटा, एक सुरी, जाड फडके आणि ओले गोणपाट एवढे घ्यावे. शिंगट्याचे काटे हातात घुसले की ठणका तासन् तास जात नाही, त्याला फडक्यातच धरावे. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ओल्या गोणपाटात ती बराच वेळ जिवंत राहते. बाकीचे मासे उन्हात लवकर नासतात. पोट साफ करून ते सावलीत ठेवावेत.

परवानगी कुणाची?

हा प्रश्न बहुतेकजण विचारतच नाहीत. राज्यातील अनेक जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्था पदरचे पैसे घालून मत्स्यबीज सोडते आणि त्यावर सभासदांची घरे चालतात. हौशी माणसाने न विचारता टाकलेला गळ हा त्यांच्या ताटातला घास आहे. आधी संस्थेकडे जावे, ते सांगतील त्या जागी आणि तेवढेच धरावे. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत तर गळ टाकूच नये, तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. पावसाळ्यात पोटात अंडी असलेले मासे दिसले तर पाण्यात परत सोडावेत.

जॅकेट आधी, गळ नंतर

इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली पैनगंगेची पातळी वाढते. विसर्गाचा इशारा असेल त्या दिवशी नदीत उतरू नये. सहस्रकुंडाच्या वरच्या बाजूला तर नाव नेण्याचा विचारही नको. थर्माकोलचा तराफा किंवा ट्यूब सराईत मच्छीमार वापरतात, पाहुण्याने त्याची नक्कल करू नये. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे, पोहता येणाऱ्याच्याही. मासा ओढताना दोरी बोटाला वेढून घेऊ नये, मोठा मासा उसळला की तंगूस बोट कापतो.

तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नये. त्यात बगळे, पाणकावळे आणि कासवे अडकतात. गुंडाळून त्याच बाटलीत भरावा आणि घरी आणावा.