कोकम, बेल, दगडफूल आणि यकृत

डोळे पिवळे झालेला माणूस दवाखान्यात येतो. डॉक्टर विचारतात, "सध्या कोणती औषधं चालू आहेत?" "काहीच नाही." दारू? "शिवत नाही." मग सोबत आलेली बायको पिशवीतून एक डबा काढते. "हे घेतात तीन महिने, वजनासाठी. पण हे औषध नाही हो, हर्बल आहे."

यकृताच्या डॉक्टरांना हा संवाद पाठ असतो. आजार कळायला जो उशीर होतो, तो पुष्कळदा "औषध नाही, हर्बल आहे" या एका वाक्यामुळेच.

"घरात पिढ्यान्‌पिढ्या खातोय, त्याने काय होणार?"

डब्यावरची नावं वाचली की धीर येतो, कारण ती ओळखीची असतात. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचं कूळ. वजन घटवण्याच्या कॅप्सूलमध्ये जो गार्सिनिया कॅम्बोजिया असतो, तो कोकमाचा भाऊ. केरळात माशाच्या कालवणात त्याची आंबट सालं घालतात. त्याच्यातलं हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आपल्या आमसुलातही असतं. मग सोलकढी पिऊन कोणाला कावीळ का होत नाही? कारण आमटीत पडतात चार आमसुलं, आणि कॅप्सूलमध्ये असतो दाट केलेला अर्क, तोही दिवसातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने.

अमेरिकेत हायड्रॉक्सीकट नावाच्या, जोरात खपणाऱ्या उत्पादनांत हा गार्सिनिया होता. १ मे २००९ रोजी तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने ती वापरणं ताबडतोब थांबवा, असं लोकांना बजावलं. तोवर यकृताच्या गंभीर त्रासाच्या २३ तक्रारी आल्या होत्या आणि त्यांत एक मृत्यू होता. त्या गोळ्यांत बरंच काही एकत्र कोंबलेलं असल्याने नेमका दोष कोणाचा, हे प्रशासनाला तेव्हा सांगता आलं नाही. भेळेत काय बाधलं ते कसं शोधणार?

बेलाची गोष्ट आणखी विचित्र आहे. बेलाच्या पानांत एजेलीन नावाचं रसायन असतं. ते प्रयोगशाळेत तयार करून ऑक्सिएलीट प्रो नावाच्या चरबी घटवण्याच्या उत्पादनात घातलं गेलं. २०१३ मध्ये हवाई बेटांवर धडधाकट माणसांना एकामागून एक तीव्र हिपॅटायटिस होऊ लागला. विषाणू सापडेना. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत २९ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतल्या २४ जणांनी हेच उत्पादन घेतलेलं निघालं. दोघांवर यकृत-प्रत्यारोपण करावं लागलं, एक जण दगावला. महादेवाला वाहिलेल्या बेलाचा यात काडीचा दोष नाही. पानातला एक रेणू वेगळा काढून, कारखान्यात बनवून, इतर उत्तेजकांबरोबर गोळीत भरला की तो बेल राहत नाही, एवढंच.

आणि दगडफूल. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे एक शैवाक (लायकेन). त्याच्याच विस्तृत गोतावळ्यातल्या काही जातींत अस्निक आम्ल असतं. पेशीला ऊर्जा साठवू न देता ती उष्णतेच्या रूपात उधळायला लावणं हा त्याचा गुण. चरबी 'जाळायला' हे छानच वाटतं. पण यकृताच्या पेशीही याच ऊर्जेवर जगतात. हे आम्ल असलेल्या लिपोकायनेटिक्स या वजन घटवण्याच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेत २००१ च्या नोव्हेंबरातच इशारा निघाला होता.

"ग्रीन टी तर डॉक्टरच प्या म्हणतात"

पिण्याला हरकत नाहीच. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे द्रव्य चहाच्या रूपाने घेतलं, तर दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम पोटात जातं, असा युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ चा अंदाज. काही अर्कांच्या गोळ्यांतून मात्र ते दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. ८०० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त मात्रेत यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसतात, असंही त्याच प्राधिकरणाने नोंदवलं. चहा आपण घोट घोट पितो, बहुधा काहीतरी खाऊन. गोळी मात्र "उपाशीपोटी घ्या, जास्त लागू पडते" असं सांगून दिली जाते. लागू पडते खरीच! रिकाम्या पोटी ईजीसीजी रक्तात अधिक उतरतं, आणि आतड्यातून निघालेलं रक्त सगळ्यात आधी पोचतं ते यकृताकडे.

"माझ्या मैत्रिणीने सहा महिने घेतलं, तिला काही झालं नाही"

शक्य आहे, बहुतेकांना काही होत नाही. ही इजा पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेसारखी घेणाऱ्या प्रत्येकाला, हिशोबाने होत नाही. ती माणूस निवडते. ग्रीन टीच्या अर्काने यकृत दुखावलेल्यांत आणि हळदीच्या गोळ्यांनी दुखावलेल्यांतही एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकीय प्रकार पुष्कळ जणांत सापडला आहे. प्रतिकारशक्तीशी संबंधित हा प्रकार काही जणांकडे जन्मतःच असतो. मैत्रिणीकडे तो नसेल, तुमच्याकडे असेल. चेहऱ्यावरून कळायला मार्ग नाही. शिवाय वजन घटवू पाहणाऱ्या कित्येकांच्या यकृतावर आधीच चरबी बसलेली असते. त्यामुळे तपासणीत एन्झाइम्स वाढलेली दिसली की "फॅटी लिव्हरच असेल" म्हणून गोळीवरचा संशय टळतो.

हळदीचं सांगायचं तर, भाजीतल्या चिमूटभर हळदीला घाबरू नका. कॅप्सूलमध्ये मात्र करक्युमिनच्या जोडीला काळ्या मिऱ्यातलं पायपरीन घालतात, ते हळद अंगात जास्त शिरावी म्हणूनच. आजीच्या हळद-दुधाशी तिची तुलना नको.

"पाकिटावर सगळं लिहिलेलं असतं"

यकृताची इजा झालेल्या रुग्णांनी आणलेली उत्पादनं अमेरिकी संशोधकांनी तपासली. लेबल असलेल्या २०३ उत्पादनांपैकी फक्त ९० मध्ये लेबलप्रमाणे ऐवज निघाला. वजन घटवण्याच्या मालात तर चोरून ॲलोपॅथीची औषधं घालण्याची जुनी खोड आहे. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाला घातक म्हणून २०१० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं, २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. पण 'शंभर टक्के नैसर्गिक' गोळ्यांत ते त्यानंतरही वारंवार सापडत राहिलं. पंधरा दिवसांत पाच किलो उतरले तर खूश होण्याआधी आत नक्की काय आहे याची शंका यायला हवी.

आपल्याकडे डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक दिसला की लोक निर्धास्त होतात. तो परवान्याचा क्रमांक आहे. तुमच्या हातातली कॅप्सूल कोणी यकृतासाठी तपासली, असा त्याचा अर्थ नाही. १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्यातल्या रोगांच्या यादीत स्थूलताही आहे, म्हणजे लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. पण हा कायदा औषधांचा. माल 'आहारपूरक' म्हणून विकला आणि 'वजन व्यवस्थापन' असा गुळगुळीत शब्द वापरला, की वाट मोकळी.

"म्हणजे तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात"

नाही. यातल्या बऱ्याच गोळ्यांचा आयुर्वेदाशी संबंध डब्यावरच्या हिरव्या पानापुरता असतो. चांगला वैद्य नाडी बघतो, पचन विचारतो, मात्रा ठरवतो, परत बोलावतो. जिममधला ट्रेनर किंवा सोसायटीतल्या साखळी-विक्रीवाल्या काकू यांतलं काहीही करत नाहीत. पण वनस्पती खरी आयुर्वेदातली असली तरी प्रश्न संपत नाही. करोनाच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. वेलीची ओळख पटवण्यात चूक झाली असावी, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जाती आहेत, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण मांडले. काढा करणाऱ्याला दोन सारख्या वेलींतला फरक कळेलच असं नाही, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावं.

"कावीळ झालीच, तर त्यावरही औषध आहे"

सगळ्यात महाग पडतो तो हा समज. गोळीने कावीळ झाली की माणूस गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो, नाहीतर स्वतःच लिव्हर टॉनिक सुरू करतो. पहिली गोळीही चालूच, कारण वजन उतरत असतं. खरं तर भूक मेल्यानेही वजन उतरतं, आणि भूक मरणं हे यकृत बिघडल्याचं पहिलं लक्षण असू शकतं. त्याच्याबरोबर थकवा, मळमळ, अंगाला खाज, चहाच्या रंगाची लघवी. डोळे पिवळे होतात ते पुष्कळदा यानंतर. औषधाने एन्झाइम्स तिपटीवर गेली आणि सोबत कावीळही झाली, तर साधारण दहातला एक जण दगावतो किंवा प्रत्यारोपणापर्यंत पोचतो, असा यकृततज्ज्ञ हाय झिमरमन यांच्या निरीक्षणावरून आलेला ठोकताळा डॉक्टर आजही वापरतात. गोळी वेळीच थांबवली तर बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतं. पण बरं वाटलं म्हणून तीच गोळी पुन्हा सुरू केली, तर दुसरा झटका आधीपेक्षा लवकर आणि जोरात येऊ शकतो.

एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन या तपासण्या गावोगावच्या प्रयोगशाळांत होतात. अशी लक्षणं दिसली तर गोळी त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरकडे जा. बडबड वाढली, झोपेची वेळ उलटली किंवा माणूस भ्रमल्यासारखा वागू लागला, तर थेट मोठं रुग्णालय गाठा. डबा फेकून देऊ नका. रिकामा असला तरी पिशवीत घाला, तळाशी उरलेल्या दोन कॅप्सूलसकट. आणि कोणती औषधं चालू आहेत, असं डॉक्टरांनी विचारलं की पहिल्यांदा तोच टेबलावर ठेवा.