संध्याकाळी हीटर का रेंगाळतो?

बादलीभर पाणी सकाळी पंधरा मिनिटांत कढत होतं; दिवेलागणीला व्होल्टेज उतरलं की त्यालाच वीस मिनिटं लागतात. हीटर तोच, मग फरक कुठे पडतो?

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, नळातून वाहणारी धार म्हणजे करंट आणि पाइपाचा अरुंदपणा म्हणजे रोध. जर्मन शिक्षक गेऑर्ग ओम यांनी 1827 मध्ये या तिघांचं नातं मांडलं.

हीटरवर 230 व्होल्ट, 2000 वॅट असं छापलेलं असतं. वॅटला व्होल्टनं भागलं की करंट मिळतो, सुमारे 8.7 अँपियर. मग व्होल्टला अँपियरनं भागा. रोध निघतो साधारण 26 ओहम. नळीतल्या नायक्रोमच्या वेटोळ्याचा हा रोध जवळपास कायम राहतो.

आता व्होल्टेज 200 वर आलं. रेटा कमी, म्हणून करंटही उतरून 7.6 अँपियर झाला. उष्णता मात्र दोघांच्या गुणाकारावर ठरते, म्हणजे फटका दुहेरी! हाती उरतात जेमतेम 1500 वॅट. व्होल्टेज आठव्या हिश्शाहून थोडं जास्त घटलं, उष्णता चक्क पाव हिस्सा गेली.

तोच करंट वायरीतूनही वाहतो, पण तांब्याचा रोध अगदी किरकोळ, म्हणून वायर फारशी तापत नाही. प्लगची पिन मात्र सॉकेटात सैल बसली, की त्या इवल्याशा जागी रोध वाढतो आणि प्लास्टिक काळवंडतं. असा सॉकेट दिसला तर हीटर लावूच नका, आधी तो बदलून घ्या.